केक 'भाजला' म्हणायचं की 'शिजला'?

मैत्रिणीला केकची कृती मराठीत लिहून देत होते, सगळं झालं आणि शेवटच्या वाक्याला अडले. '१८० डिग्रीला ३५ मिनिटं ठेवून केक पूर्ण ... का ते बघायचं.' इथे काय लिहू? भाजला म्हटलं की वांगं नि पापड आठवतात, शिजला म्हटलं की वरणभात. 'बेक झाला' सगळेच म्हणतात पण मला आपला शब्द हवाय. तुमच्या घरी काय म्हणतात?

– आमच्या गिरगावच्या घरात नुसतं 'झाला'. चहा झाला, भात झाला तसा केक झाला. ओव्हन नव्हता तेव्हा आजी कुकरची शिटी नि रिंग काढून, तळाला मीठ पसरून त्यात केक करायची आणि विणायची सुई मधोमध खुपसायची. सुई कोरडी आली की 'झाला गं', ओलं पीठ चिकटून आलं की 'कच्चाय अजून, ठेव दहा मिनिटं'. ढोकळ्यालाही तीच सुई. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना, तसंच, फक्त इथे कडेचं शीत चालत नाही, कडा आधी होतात नि मधला भाग सगळ्यात शेवटी. ब्राउनीला मात्र सुईवर थोडे ओलसर कण हवेतच, नाहीतर ती कोरडी पडते.

– ताई, पण 'भाजणे' इतक्यात सोडू नका. दिवाळीच्या आधी चाळीतल्या बायका नानकटाईचं पीठ मळून, गोळे पत्र्यावर मांडून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायच्या, त्याला आमच्याकडे 'नानकटाई भाजून आणणे' असंच म्हणायचे. पावसुद्धा भट्टीत भाजतातच की. माझ्या मते दोन्ही शब्द लागतात, माझी आई म्हणते 'वरून भाजलाय पण आत झाला नाहीये', यात भाजला म्हणजे वरचा रंग आणि झाला म्हणजे आतलं, एकाच्या जागी दुसरा घालून बघा, वाक्य लंगडं होतं. आणि 'बसला' वेगळा हं! ओव्हनचं दार घाईने उघडलं की फुगलेला मधला भाग खाली जातो, कारण अंडं नि मैदा अजून घट्ट धरलेले नसतात, तो बसलेला केक. आतून ओलसर, चिकट राहिला तर गिच्च.

– आईंचं वाक्य फार आवडलं, अडलेलं सुटलं. आता असं लिहितेय: 'वरून छान भाजला की मधोमध सुई घालून आतून झाला का ते बघायचं.'