ग्रामपंचायतीच्या बजेटवर गावानं लक्ष कसं ठेवायचं?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं ग्रामसभेत अंदाजपत्रक भराभर वाचतात, हात वर होतात, मंजूर. मागच्या वर्षी आराखड्यात वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचं काम होतं, वर्ष सरलं तरी टाकी नाही, विचारलं तर म्हणतात निधी वळवला. कुठं वळवला, कुणी ठरवलं, कुणालाच सांगता येईना. मला भांडण करायचं नाही, पण वस्तीवरच्या बाया अजून लांबनं पाणी आणतात ओ. नेमके कुठले कागद बघू?

माणदेशी:
दादा, ग्रामपंचायतीचे हिशोब ठरलेल्या नमुन्यांत ठेवतात. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 5 रोकडवही, पण तुमचं उत्तर बहुतेक नमुना 2 मध्ये असणार, तो पुनर्विनियोजनाचा, एका हेडचा, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या हेडला नेला की तिथं दिसायला पाहिजे. सोबत त्या मासिक सभेचा ठराव मागा. तोंडी देत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज.

कोरेगावची सदस्या:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे म्हणून सांगते. टाकी कुठल्या पैशातनं होती ते आधी बघा. 15 व्या वित्त आयोगाचं असेल तर 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेलाच, ते रस्त्याला नेता येत नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात, मोबाईलवर निघतं. आणि स्वनिधीतलं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या करातलं काम असेल तर खरी गोम वसुलीत असते, घरपट्टी पाणीपट्टी पूर्ण येणार असं धरून बजेट फुगवतात, प्रत्यक्षात तेवढी येत नाही, मग मार्चमध्ये कामं गळतात आणि गळतात ती वस्तीवरचीच. हे मला फार लागतं. बजेट करतानाच मागच्या तीन वर्षांची खरी वसुली समोर ठेवा म्हणून मी दर जानेवारीत मागे लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर (आधीचे ग्रामसेवक) लगेच चिडू नका, निधीचे हप्ते पण उशिरा येतात.

कृष्णाकाठ:
ताईंशी सहमत. वर्षातनं एकदा हिशोब बघून काय उपयोग, पैसा गेलेला असतो. दर तीन महिन्यांनी काम, मंजूर रक्कम, झालेला खर्च एवढं फळ्यावर लिहा असा ठरावच घ्या. महिला ग्रामसभेत आधी मांडा, पाण्याचा विषय तिथं कुणी दाबत नाही.

तासगावकर:
धन्यवाद सगळ्यांना. ई-ग्रामस्वराज आत्ताच बघितलं, टाकी बंधितमध्येच दिसतेय, खर्च शून्य. म्हणजे पैसा वळवलेला दिसत नाही, कामच सुरू केलेलं नसावं. तरी खात्रीसाठी सोमवारी नमुना 2 आणि ठरावासाठी अर्ज देतो, वस्तीवरच्या दोघीतिघी पण येतो म्हणाल्यात.