कॉम्प्रेसर कुठे ठेवू? पोटमाळा, मागची गल्ली की खोलीतच?

चारकोपकर:
नमस्कार मंडळी. चारकोपला म्हाडाची बैठी खोली आहे, वर पोटमाळा. खाली पुढच्या भागात सुतारकामाचं छोटं वर्कशॉप थाटलंय, राउटर, जिगसॉ, सँडर एवढाच संसार. आता २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा ऑइलवाला कॉम्प्रेसर घेतोय. काम म्हणजे ब्रॅड नेलर (बारीक खिळे मारायची हवेची गन), भुसा उडवणं आणि कधीमधी एनसी लॅकरचा (नायट्रोसेल्युलोजचं लाकडी पॉलिश) स्प्रे. प्रश्न जागेचा आहे. टेबलाखाली ठेवला तर जवळ पडतो पण भुसा आणि कानाला त्रास, पोटमाळ्यावर ठेवला तर खालची जागा वाचते (पण बायको म्हणते आधी मला माहेरी सोडा मग ठेवा), आणि मागे हाउसगल्ली (दोन रांगांमधली गटाराची अरुंद गल्ली) आहे तिथे पत्र्याची पेटी करून ठेवायचा असं मित्र म्हणतो. शेजारची भिंत कॉमन आहे आणि पलीकडे आजोबा दुपारी झोपतात. पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवायचंय. कोणी असं घरात बसवलंय का?

सुतारपक्षी:
पोटमाळा डोक्यातून काढून टाका भाऊ. एक तर चाळीसेक किलोचं धूड त्या शिडीवरून वर कोण चढवणार, आणि चढवलं तरी अँगलवर लाद्या टाकलेला माळा असतो तो, मोटर सुरू झाली की अख्खा माळा घुमतो आणि तो आवाज भिंतीतून दोन्ही शेजाऱ्यांकडे जातो. वर पत्रा असेल तर मे महिन्यात दुपारी तिथे माणूस उभा राहत नाही, कॉम्प्रेसर काय राहणार. गरम हवा ओढली की हेड (पंपाचा वरचा भाग) अजून तापतं, तेल लवकर जळतं. शिवाय टाकीतलं पाणी काढायला रोज वर कोण जाणार? दोन दिवस जाल, मग विसराल.

माझं मत, टेबलाखाली ठेवा पण भुशापासून जरा आडोसा करून, आणि हवा ओढायच्या फिल्टरचा स्पंज वरचेवर झटका.

उंदीरमामा:
गल्लीत ठेवणार असाल तर माझं नाव वाचा. उंदीर नळी कुरतडतात, वायर कुरतडतात, पेटी केलीत तर त्यात बाळंतपणं करतात. आणि हाउसगल्ली तुमची एकट्याची नसते, सफाईवाल्यांना वाट लागते, कोणी एक तक्रार केली की पेटी उचलून नेतील. पाण्याचं तर विचारूच नका, वरून पागोळ्या, खालून गटार.

जुना फिटर:
सगळे आवाज आणि जागेबद्दल बोलताय पण मुंबईत कॉम्प्रेसरचा खरा शत्रू पाणी आहे, त्यामुळे जागा त्या हिशेबाने बघा. जुलैत हवा ३० डिग्री आणि ८५ टक्के दमट धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण २५ ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. २ एचपीचा पंप मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर हवा ओढतो, म्हणजे सलग तासभर चालला तर ९ ते १२ घनमीटर झाले. ८ बारला दाबलं की तीच हवा नऊपट आकसते, एवढं पाणी तिच्यात मावत नाही, थंड होता होता सुटतं. तासाला पाव लिटरच्या जवळपास होतं ते. तुमचा नेलरचा वापर असेल तर पंप थोडा थोडाच चालेल, पण पाणी साठतंच. काढलं नाही तर टाकी आतून गंजते, बाहेरून रंग एकदम नवा दिसतो आणि आत पत्रा पातळ होत जातो, आणि ८ बारची टाकी फुटली तर ती तुमच्या पायाशीच असणार.

आता गंमत बघा, लोक पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरलाच लावून घेतात कारण दुकानात तसाच जोडून मिळतो. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं, फिल्टरच्या आरपार निघून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन तुमच्या गनमधून थेंब थेंब लॅकरवर पडतं. फिल्टर लावायचा तो काम करायच्या जागी, मध्ये सहा-सात मीटर नळी किंवा पाइप जाऊ दे, तेवढ्यात हवा थंड होते आणि मग फिल्टरला पकडायला काहीतरी मिळतं. त्यामुळे कॉम्प्रेसर कामाच्या टेबलाजवळ नसणं हेच चांगलं, लोक लांब पडतो म्हणून रडतात उगाच. खोलीत मागे मोरीकडे जागा आहे का? किंवा माळ्यावर जायच्या जिन्याखाली?

आणि एक. भिंतीवरून पाइप न्यायचा असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) घ्या नाहीतर सरळ चांगली होज. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप हवेला अजिबात लावू नका, पाण्याला चालतो म्हणून हवेला चालत नाही, फुटला की तुकडे उडतात.

चारकोपकर:
@जुना फिटर काका, जिन्याखाली जागा आहे! लोखंडी जिना आहे, खाली सध्या जुना कूलर आणि दिवाळीचे कंदील. मागच्या भिंतीला लागून आहे, शेजाऱ्यांची कॉमन भिंत बाजूला दोन फुटांवर. मोरी तिथून हातभर. पण स्वयंपाकाचा ओटा पण त्याच बाजूला आहे, चालेल?

जुना फिटर:
मोरीजवळ चालेल, पण पाणी उडत नाही ना बघा, मोटरचं टर्मिनल आणि प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबावर मोटर चालू-बंद करतो तो) कोरडं राहिलं पाहिजे. जमिनीवर नको, एक पक्का ओटा करा विटांचा, फूटभर तरी. चारकोप खाडीजवळ आहे, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, तेवढा रोज पडत नाही पण घोटाभर पाणी दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे शिरतंच. लोखंडी स्टँड करू नका, थरथरतो. आणि जिन्याला टाकी टेकू देऊ नका, जिना वाजत बसेल. गॅसच्या शेगडीपासून आणि सिलिंडरपासून लांब ठेवा, प्रेशर स्विच चालू-बंद होताना आत ठिणगी पडते.

टाकीतून निघालेलं पाणी मोरीत सोडू नका बरं, ऑइलवाल्याचं ते तेलकट दुधासारखं येतं. बाटलीत धरा.

स्वाती_वायरिंग:
स्विचचा विषय निघालाय तर स्प्रेबद्दल पण सांगते, कोणी बोललंच नाही. एनसी लॅकरच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत पसरते, आणि कॉम्प्रेसरचा स्विच बरोबर तिथेच असतो. एका बंद खोलीत दोन्ही नको म्हणजे नको. स्प्रे पुढचं दार उघडं ठेवून दाराशी करा, कॉम्प्रेसर मागे, मध्ये लांब नळी. टेबलाखाली ठेवायचा सल्ला @सुतारपक्षी यांनी दिलाय तो नेलरपुरता ठीक आहे, स्प्रे करायचा असेल तर मला पटत नाही.

लाइटचं बोलायचं तर २ एचपीला चालताना ९-१० अँपिअर लागतात, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. घरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलात तर वायर बारीक, व्होल्टेज पडतं, मोटर नुसती हुंऽऽ करते आणि कपॅसिटर जातो. मीटरच्या डीबीपासून (एमसीबींचा बॉक्स) ४ स्क्वेअर मिमीच्या वायरची वेगळी लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, २० अँपिअरची सी टाइप एमसीबी, अर्थिंग तपासून. लांब हवी असेल तर हवेची नळी लांब करा, वायर नाही. आणि मोटर बंद होताना फुस्स असा आवाज येतो का ऐका, हेडमधली हवा सोडतो तो वॉल्व. ते फुस्स बंद झालं की समजा पुढच्या वेळी दाबाखाली सुरू होणार आणि एमसीबी पडणार, मग लोक वायरमनला शिव्या घालतात.

शांतताप्रिय:
आजोबांचा विचार केल्याबद्दल आभार, माझ्या शेजाऱ्याने नाही केला. साधा डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरला पंप थेट जोडलेला, पट्टा नसलेला) २८००च्या आसपास आरपीएमवर फिरतो, मीटरभर अंतरावर ८०-८५ डेसिबल सहज. रहिवासी भागात नियमाने दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. भिंत बराच आवाज खाते, पण धक्के खात नाही, ते लादीतून जातात. म्हणून पायाखाली जाड रबर पॅड घाला, फरशीला बोल्टने आवळू नका. पेटी करायची असेल तर प्लाय आणि आत जुन्या गोधड्या लावून करतात लोक, पण मग हवा कुठून येणार? खाली आणि वर झरोके ठेवलेत तरच, नाहीतर आत शिजेल. अजून घेतला नसेल तर १४०० आरपीएमवाला सायलेंट बघा, महाग आहे, पण घरात तोच.

सुतारपक्षी:
@स्वाती_वायरिंग मान्य, स्प्रे मी वाचलाच नव्हता प्रश्नात.

चारकोपकर, स्प्रेबद्दल एक जाता जाता. मोठी एचव्हीएलपी (कमी दाबावर भरपूर हवा सोडणारी) गन घेऊ नका, तिला मिनिटाला २५०-३०० लिटरपेक्षा जास्त हवा लागते, तुमचा पंप दमून जाईल. छोट्या नोझलची गन घ्या. आणि पावसाळ्यात लॅकर पांढरं पडलं तर दर वेळी कॉम्प्रेसरला दोष देऊ नका, नळीतल्या पाण्याने डोळे पडतात, खड्ड्यासारखे, पांढरं पडतं ते बाहेरच्या दमट हवेने. रिटार्डर (सावकाश सुकणारं) थिनर टाका किंवा उन्हाचा दिवस बघा.

चारकोपकर:
ठरलं मग, जिन्याखाली, विटांचा ओटा, वेगळी लाइन, फिल्टर पुढे टेबलाशी. सायलेंटचा भाव नागदेवी स्ट्रीटला जाऊन विचारतो, ऑनलाइनपेक्षा तिथे हाताळून बघता येतं. एकच शंका, टाकीचा ड्रेन एकदम पोटाखाली आहे, जिन्याखाली वाकून रोज तो स्क्रू फिरवणं जमणार नाही मला, कंबर दुखते.

जुना फिटर:
स्क्रू काढून टाका, त्या जागी एल्बो, हातभर हवेच्या दाबाची नळी आणि टोकाला बॉल वॉल्व बाहेर आणा. नळीचं टोक टाकीपेक्षा खाली राहिलं पाहिजे, म्हणून ओटा फुटापेक्षा थोडा उंचच करा. टाकीत हवा नसताना करा हे काम, आणि टेफ्लॉन नीट गुंडाळा.