भिगवणला १६ जण घेऊन जायचंय, नाताळात फ्लेमिंगो दिसतील का?

मंडळी, सोसायटीतल्या लोकांना उत्साहाच्या भरात भिगवणला फ्लेमिंगो दाखवतो असं बोलून बसलोय आणि आता ट्रॅव्हलरचा ॲडव्हान्स द्यायची वेळ आल्यावर पोटात गोळा आलाय. १६ जण, त्यात ४ पोरं आणि ७२ वर्षांच्या एक काकू, त्यांना बोटीत बसायचंच आहे. सगळ्यांना नाताळची सुट्टी सोयीची. मी एकदाच गेलोय, मार्चमध्ये, तेव्हा थवेच्या थवे होते. पुण्यातून किती वाजता निघावं?

शेकाट्या:
नाताळात रोहित (म्हणजे तुमचे फ्लेमिंगो) दिसतीलच असं कुणाला छातीठोक सांगू नका. भिगवण म्हणजे उजनीचं बॅकवॉटर, पावसाळ्यात धरण भरलं की काठापर्यंत खोल पाणी, आणि रोहित चोच उलटी करून चिखलातलं गाळून खाणार, त्याला उथळ पाणीच लागतं. आवर्तनं (शेतीसाठी कालव्यात सोडलेलं पाणी) सुटून धरणाचं पाणी उतरलं की मग खरी गर्दी, तुम्ही मार्चमध्ये पाहिलेत ते त्यामुळंच. डिसेंबरात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, थापट्या बदकं, कुरव (सीगल), चित्रबलाक असतात की भरपूर. पण सोसायटीला गुलाबीच पाहिजे असतं, माहितीये :)

इंदापूरकर:
शेकाट्या बरोबर बोलले, उजनी मायनसकडे निघाली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपत आला, की पक्षी वाढतात. पहाटे ४ ला पुणं सोडा, साडेसहाला कुंभारगावात, बोटी तिथंच मिळतात. १६ जणांना ३ बोटी धरा, आदल्या दिवशी फोन करा. बोटवाले मासेमारी करणारीच पोरं आहेत, काकूंना हात धरून बसवतील, फक्त काठाला चिखल असतो, साधी चप्पल नको. आणि एक विनंती राव, गिऱ्हाईकच म्हणतं "दादा अजून जवळ घ्या, उडवा ना जरा, फोटो पाहिजे". रोहिताला उडायला पाण्यावरून धावत जावं लागतं, दिवसात चार बोटींनी उठवला तर तो खाणार कधी? कुरवांना फरसाण पण टाकू नका.

अडाणी_पक्षीमित्र:
१६ जणांत दुर्बिणी किती? आमच्या ग्रुपात दोन होत्या, पक्षी राहिले बाजूला आणि "आता माझा नंबर" यावरूनच जुंपली. स्पीकर घरी ठेवायला सांगा, हे आधीच आणि दोनदा.

धागाकर्ता:
धन्यवाद! दुर्बीण एकच आहे, तीही मेहुण्याची. काल मीटिंगमध्ये फेब्रुवारीअखेरचा विषय काढला तर दोन घरांत दहावी, एका घरात बारावी, म्हणजे ७ जण जागीच गळाले. काकू म्हणाल्या गुलाबी असो नाहीतर काळा, मी येणार, पण जेवायला चिलापी मासा पाहिजे. तेव्हा ९ जण, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. दोन बोटींत भागेल ना?

इंदापूरकर:
आरामात. चिलापीचं सकाळी बोट सुटायच्या आधीच सांगून ठेवा, रविवारी दुपारपर्यंत संपते.