बायपासला गॅसची भूल की शिरेतून? सल्ला द्या

राजारामपुरी_६: वडील ६६, शुगर, तीन ब्लॉक, ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) ३५ टक्के. पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातच बायपास आहे. सेव्होफ्लुरेन (भुलेचा गॅस) मागावं की प्रोपोफॉल (शिरेतलं औषध)? बजेट अडीच लाख, वर जमणार नाही.

पेठेतला_गडी: भावा, सरळ पुण्याला न्या, पैशाचं बघू नका. आणि गॅसच. गॅसनं हृदयाला कवच मिळतं.

भूलवाला_मिरज: ती आशा छोट्या अभ्यासांवरची. २०१९ च्या मिरियाड चाचणीत १३ देशांतले ५४०० बायपास रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू गॅसच्या गटात २.८ टक्के, नुसत्या शिरेतल्या औषधांत ३ टक्के. म्हणजे फरक नाही. ईएफ ३५ ला औषध किती जपून देतात ते महत्त्वाचं. प्रोपोफॉल एकदम ढकललं की बीपी कोसळतं आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्यांत रक्त पोचत नाही. म्हणून मनगटातली आर्टिरियल लाइन (धमनीतून सतत बीपी दाखवणारी नळी) आधी, मग फेंटानिल (वेदनाशामक), मग एटोमिडेट (झोपवणारं औषध) किलोला ०.२ ते ०.३ मिग्रॅ, हळूहळू.

रंकाळा_काठ: एटोमिडेट नकोच. एका डोसनंतरही कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं संप्रेरक) तयार होणं काही तास दबतं.

भूलवाला_मिरज: दबतं. म्हणून एकच डोस, इन्फ्युजन (सतत चालू ठेवणं) कधीच नाही.

पंपवाला: पंपाचं (ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं मशीन) कुणी बोललंच नाही. पंपावर फुफ्फुसं थांबलेली, भुलेच्या मशीनमधला गॅस रक्तात जातच नाही. ऑक्सिजनेटरच्या (पंपातलं कृत्रिम फुफ्फुस) गॅस लाइनवर वेपोरायझर (भुलेचा गॅस मिसळणारं उपकरण) हवा, नाहीतर तेवढा वेळ प्रोपोफॉल चालू हवं. दोन्ही नसेल तर पेशंट आतून जागा होऊ शकतो.

पेठेतला_गडी: मग पंपाशिवायच करा की!

पंपवाला: ते सर्जन धमन्या बघून ठरवतात.

कागलकर: मीही गॅसच म्हणतो. पण आधी गोळ्या बघा. डॅपाग्लिफ्लोझिन (शुगरची गोळी) असेल तर डॉक्टरांना विचारून ३ दिवस आधी बंद, नाहीतर शुगर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होतो. हलणारा दात सांगा, तोंडातून श्वासाच्या नळीबरोबर अन्ननलिकेत इकोचा (हृदयाची सोनोग्राफी) प्रोबही जातो. घरात कुणाला भुलेत अचानक प्रचंड ताप चढला असेल तर गॅस बादच.

राजारामपुरी_६: डॅपा रोज चालू आहे, आत्ताच डॉक्टरांना फोन केला. खालचा एक दातही हलतोय. पुण्याला नेत नाही, गॅसही मागत नाही. उद्या भूलतज्ज्ञांना दोन्ही सांगतो, आणि पंपावर भूल कशानं चालू ठेवणार तेवढंच विचारतो.