बॅग बांधता येते, मग सोडता का येत नाही?

खटपट्या:
बॅगइट म्हणजे फायली त्यांच्या यादीसकट एका 'बॅगे'त बांधून ठेवायची पद्धत. तिच्याबद्दल परवा एका विद्वानांनी लिहिलं, "बॅगइटला उलटा रस्ता हवाच कशाला? ज्याला आधी कॉपी काढायचं सुचत नाही, त्याने सामायिक फोल्डरला हात लावू नये." प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं पायथनवालं बॅगइट फोल्डरमधलं सगळं उचलून जागच्या जागी 'डेटा' नावाच्या पोटफोल्डरात घालतं आणि बाहेर मॅनिफेस्ट, म्हणजे प्रत्येक फायलीचं नाव आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) यांची यादी, मांडतं. त्याच फोल्डरवर चार जण काम करत असतील तर त्यांचे शॉर्टकट, एक्सेलमधले पाथ, सगळं बोंबललं. आणि पूर्ववत करायला कमांड नाही!

सीलबंद:
तो विद्वान मीच. बॅगइटचा तपशील सांगणारा दस्तऐवज, आरएफसी ८४९३, वाचा, २०१८ पासून आहे. बॅग साठवायला आणि पाठवायला असते. चालू कामाचं फोल्डर बांधायचंच कशाला? आणि सोडायला एक ओळ पुरते: डेटातलं वर हलवा, बाकी पुसा.

खटपट्या:
ही 'एक ओळ' कधी चालवलीय? मूळ फोल्डरातच 'डेटा' नावाचं फोल्डर असेल तर तिथेच अडते. टिंबाने सुरू होणाऱ्या फायली तारांकनात ('*', म्हणजे 'सगळ्या') येत नाहीत, त्या मागेच राहतात. आणि 'बाकी पुसा'? बांधल्यानंतर कुणी मॅनिफेस्टशेजारी नवी यादी ठेवली असेल तर तीही गेली. व्हॅलिडेशन (बॅग मॅनिफेस्टशी ताडून पाहणं) तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही, डेटाबाहेर जादा फायली चालतात.

ग्रंथपाल_ताई:
+१. आमच्याकडे एका उत्साही मदतनिसाने "सगळं जागेवर आणतो" म्हणत आधी मॅनिफेस्टच उडवली. मूळ स्कॅन कुठलं आणि नंतर उजळवलेलं कुठलं, ताडायला काही उरलं नाही. साहेब म्हणाले, बॅकअप आहे ना? होता. त्याच ड्राइव्हवर.

मोडीवेडा:
रच्याकने, मराठी नावांच्या फायलींचं काय? 'दऱ्या'मधला ऱ मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवर र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा फुटून साठतो, लिनक्सवर टाइप केला तसाच राहतो. डोळ्यांना नाव एकच, मॅनिफेस्टला दोन. कुणी तोच र झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) लावून काढला असेल तर नॉर्मलायझेशनलाही (अशी दोन रूपं एकसारखी करण्यालाही) जुळत नाही.

सीलबंद:
इंग्रजी नावं द्या आणि मोकळे व्हा.

मोडीवेडा:
झालं! रुमालावरची (कागदांच्या गाठोड्यावरची) चिठ्ठी मराठीत, आतला कागद मोडीत, आणि फाइल मात्र 'स्कॅन_न्यू_फायनल_२'? नॉर्मलायझेशनचा इशारा तुमच्या लाडक्या आरएफसीतच आहे. दुसऱ्यांना वाचायला सांगता, स्वतः कुठवर वाचलंत?

सीलबंद:
भाषाभिमानाने चेकसम जुळत नाही हो.

ग्रंथपाल_ताई:
आणि तुमच्या इंग्रजी नावांनी कागद सापडत नाहीत. 'बखर' कुणी केएचने लिहितं, कुणी नुसत्या केने, शोधत बसा.

खटपट्या:
धागा माझा होता बहुतेक.

सीलबंद:
बरं बाबा, तुमची कमांड. आधी पूर्ण व्हॅलिडेशन. डेटाबाहेर अनोळखी फाइल दिसली की थांबायचं, पुसायचं नाही. मॅनिफेस्ट फोल्डरबाहेर जपायची. लिहा कोड, चुका काढायला मी आहेच. तोवर हार्डलिंकने (त्याच फायलीला दुसरं नाव देऊन) प्रत काढून ती बांधा, जागा खात नाही.

खटपट्या:
आणि कुणी मूळ फाइल तिथल्या तिथे सुधारली की बॅगेतलीही बदलली. छान सीलबंद!

सीलबंद:
मग बसा हाताने हलवत.

मोडीवेडा:
ऱ चं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.