एम-१ हेल्मेट खरोखर जून १९४४चे आहे का?

प्रश्न

मला अमेरिकी सैन्याचे एम-१ पोलादी हेल्मेट विकत घ्यावयाचे आहे. ते ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकाचे आहे, असे विक्रेता सांगतो आणि तशी लेखी चिठ्ठीही देण्यास तयार आहे. काठावरच्या पट्टीचा सांधा मागे आहे, हनुवटीचा पट्टा ज्यांत ओवला आहे त्या कड्या हलतात, आणि गंज व ओरखडे जुने वाटतात. एवढ्यावरून विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद १

चिठ्ठी बाजूला ठेवा, सांधा पाहा. एम-१ १९४१ मध्ये स्वीकारले गेले तेव्हापासून काठाच्या पट्टीचा सांधा समोर, कपाळाच्या मध्यावर येत असे. तो मागे गेला १९४४च्या अखेरीस, म्हणजे नॉर्मंडीत सैन्य उतरल्यानंतर काही महिन्यांनी. त्यामुळे हे हेल्मेट अस्सल असू शकते, पण त्या दिवशी ते कोणाच्याही डोक्यावर असणे शक्य नाही. हलत्या कड्यांवर मात्र आक्षेप घेता येत नाही, कारण आधीच्या स्थिर कड्या आपटून तुटत असल्याने १९४३ पासूनच हलत्या कड्या बसवल्या जाऊ लागल्या होत्या. आत कपाळाकडच्या बाजूला पोलाद ज्या खेपेत वितळवले त्या खेपेचा क्रमांक ठोकलेला असतो. तो रंगाखाली दबला असल्यास तिरपा प्रकाश टाकून वाचावा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. भर एवढीच की कवच, पट्टा आणि आतले लायनर (पोलादी कवचाच्या आत बसणारी वेगळी टोपी) या तिन्हींचे वय वेगवेगळे तपासावे. युद्धकाळातील कवचे पुन्हा रंगवून कोरिया आणि व्हिएतनामपर्यंत वापरली गेली, आणि लायनर तर सहज काढून दुसऱ्या कवचात बसते. युद्धकाळातील रंगात बुचाचा भुगा मिसळलेला असे, नंतरच्या रंगात वाळू आली. पट्टा कड्यांभोवती शिवलेला असावा. क्लिपने अडकणारा पट्टा नंतरचा समजावा. कवच चुंबक न चिकटणाऱ्या हॅडफील्ड मँगनीज पोलादाचे असते, त्यामुळे घुमटावर चुंबक घट्ट चिकटला तर शंका घ्यावी, कारण इतर देशांनीही याच आकाराची हेल्मेटे बनवली आहेत.

प्रश्नकर्ता

तपासले. चुंबक चिकटत नाही, पट्टा शिवलेला आहे, परंतु अतिनील दिव्याखाली शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकतो.

प्रतिसाद २

तशी चमक देणारी रसायने धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत युद्धानंतर सर्रास आली. पट्ट्याचे कापडही चमकत असेल तर तो कधीतरी धुतला असावा. केवळ दोरा चमकत असेल तर शिवण नवी आहे. (दोरा न चमकणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण साधा सुती दोरा आजही मिळतो.) युद्धाच्या शेवटच्या काळातील, पट्टा बदललेले कवच म्हणून घ्यावयाचे असेल तर जरूर घ्यावे, मात्र चिठ्ठीचे पैसे देऊ नयेत.