मदत हवी आहे: एएमडी रायझन ५ ५५०० प्रोसेसर + ए५२० मदरबोर्डाचा कॉम्बो घेऊ का?

घाईत_गेमर:
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ५५०० आणि ए५२० बोर्ड असा कॉम्बो देतोय. इंटेलचा आय५ १२४००एफ घेतला तर बोर्डासकट चार-साडेचार हजार जास्त पडतात. फरक पडतो का एवढा? उद्या सकाळी जातोय, प्लीज पटकन सांगा.

गिगाहर्ट्झ:
ग्राफिक्स कार्ड कुठलं? रॅम, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे की घ्यायचाय? कुठले गेम?

घाईत_गेमर:
कार्ड आहे हो, त्याचं विचारलंच नाहीये. व्हॅलोरंट आणि जीटीए ५. प्रोसेसरचं सांगा ना.

सॉकेटशास्त्री:
५५०० चा २०१६ सालचा एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आता कोण घेतं? थोडे पैसे साठवा आणि सरळ नव्या एएम५ सॉकेटवर जा. बी६५० बोर्ड, ७५००एफ प्रोसेसर, डीडीआर५ रॅम. पुढे प्रोसेसर बदलला तरी बोर्ड तोच राहील.

गिगाहर्ट्झ:
शास्त्रीबुवा, तो चार हजारांसाठी अडलाय आणि तुम्ही त्याला डीडीआर५ विकताय. घाईत, कार्डाचं नाव लिहायला काय जातं? उत्तर त्याच्यावरच अडलंय.

घाईत_गेमर:
बरं. आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी. रॅम डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची एकच स्टिक. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॅट.

गिगाहर्ट्झ:
मग तो कॉम्बो अजिबात नको. हे कार्ड फक्त ४ लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधली जोडणी) ४.० असेल तर निभावतं. ३.० वर ती वाट निम्मी होते. मेमरी ४ जीबीच, त्यामुळे टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) त्यात मावेनासे झाले की डेटा सिस्टम रॅममधून याच वाटेने येतो आणि गेम अडखळायला लागतो. ५५०० मध्ये पीसीआयई ३.०, ए५२० मध्येही ३.०. म्हणजे नुसता बोर्ड बदलूनही उपयोग नाही. शिवाय ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, त्याच्या वरच्या ५६०० ला ३२.
पर्याय दोनच: ५६०० + बी५५०, नाहीतर १२४००एफ + एच६१०. ५६००जी चुकूनही उचलू नका, तोही ३.० वालाच. बी४५० बोर्डही ३.०.

पेंग्विनप्रेमी:
विंडोजचे पैसे वाचवा, लिनक्स टाका. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

बायोसवाला:
त्याला व्हॅलोरंट खेळायचंय. त्याचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, लिनक्सवर चालत नाही. विंडोज ११ वर तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग चालू लागतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) टीपीएमचं नाव एएमडीला एफटीपीएम, इंटेलला पीटीटी. सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करा, पण जुनी डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या विभागणीची) असेल तर आधी जीपीटी करून घ्या, नाहीतर विंडोज बूटच होणार नाही.

सॉकेटशास्त्री:
एच६१० कशाला? रॅमचे स्लॉट दोनच, डीडीआर४ मेमरी ३२०० च्या वर जात नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंकही नसतो. त्याच्या एलजीए १७०० सॉकेटचंही पुढे काही नाही, इंटेल १८५१ वर गेली.

गिगाहर्ट्झ:
१२४००एफ टर्बोत जास्तीत जास्त ११७ वॅट ओढतो, गेममध्ये त्याहून बराच कमी. एच६१० ला तेवढं जड नाही. आणि याच्याकडे रॅम २६६६ ची आहे, ३२०० ची मर्यादा त्याला कुठे आडवी येते?

बायोसवाला:
बी५५० घेतलात तर एक बघा. हा चिपसेट २०२० च्या जूनमधला, ५६०० ची ५००० सिरीज नोव्हेंबरमध्ये आली. दुकानात पडून राहिलेल्या, जुन्या बायोसच्या बोर्डावर ५६०० लावला तर डिस्प्लेच येणार नाही. एक तर दुकानातच चालू करून दाखवायला सांगा, किंवा बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करणारं) बटण असलेला बोर्ड घ्या: पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट, बायोसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव, एसएमपीएसच्या २४ पिन आणि ८ पिन केबल जोडून बटण दाबायचं. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज घालवायची नाही.

कॅबिनेटकाका:
पुढे दोन फॅन आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. हे कोणीच सांगत नाही.

घाईत_गेमर:
फॅनचं नंतर बघतो काका. एसएमपीएस चालेल ना?

गिगाहर्ट्झ:
लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत? १८ असतील तर झाले २१६ वॅट, वर ४५० छापलेलं असलं तरी. त्यावर हे कार्ड लावू नका.

घाईत_गेमर:
बघितलं. १६ आहेत. :(

गिगाहर्ट्झ:
मग पैसे आधी तिकडे. ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) असलेला एसएमपीएस, ५५० वॅट. प्रोसेसर १२४००एफ किंवा ५६००, ज्याचा बोर्डासकट भाव कमी लागेल तो, फक्त बॉक्स पीस घ्या. ट्रे (बॉक्सशिवाय सुट्या) पीसबरोबर कूलर येत नाही. ८ जीबीची आणखी एक स्टिक लावा. चार स्लॉट असतील तर सीपीयूकडून दुसरा आणि चौथा. दोन्ही प्रोसेसरना ऑनबोर्ड डिस्प्ले नाही, तेव्हा एचडीएमआय केबल कार्डालाच लावायची. आणि बिलावर बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, नुसतं "बी५५०" नको.